पायांच्या फुगलेल्या शिरा : दुखणे वाढू नये म्हणून

सोलापूरच्या पूर्व भागात दिवस उजाडण्यापूर्वीच यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कामगाराची पाळी आठ ते बारा तासांची असते आणि तिचा बहुतेक वेळ मागासमोर उभे राहण्यात जातो. धोट्यातील कांडी बदलणे, तुटलेला धागा सांधणे, विणीवर नजर ठेवणे ही सारी कामे दोन-चार पावलांच्या परिघात होतात. त्याच वस्त्यांमधील घरांत हजारो महिला मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बिड्या वळत असतात. एकाचे काम उभ्याचे, दुसरीचे बैठे. तरीही संध्याकाळी दोघांच्या तोंडी बहुधा एकच तक्रार असते, 'पाय भरून आलेत.'

या तक्रारीमागे अनेक कारणे असू शकतात. त्यांपैकी एक महत्त्वाचे आणि दीर्घकाळ दुर्लक्षित राहणारे कारण म्हणजे पायांच्या शिरा फुगणे, अर्थात व्हेरिकोज व्हेन्स. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी स्थापन झाल्यापासून उभ्याने काम करणे या शहराच्या अंगवळणी पडले आहे. आज मागावरील कामगारांबरोबरच दुकानांतील विक्रेते, परिचारिका, शिक्षक, वाहतूक पोलिस, आचारी, केशकर्तनकार आणि गणवेश शिवणारे कारागीर अशा अनेकांना या दुखण्याशी सामना करावा लागतो. एकदा फुगलेली शीर सवयी बदलल्याने पूर्ववत होत नाही. मात्र सूज, त्वचेचा काळपटपणा आणि न भरणारी जखम या पुढच्या पायऱ्या लांबविण्यात रोजच्या सवयींचा वाटा मोठा असतो.

रक्त वर कसे चढते?

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी आणि शरीराकडून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. बोलीत आपण ज्यांना शिरा म्हणतो त्या बहुधा नीलाच असतात. पायांतील रक्ताला गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढावे लागते. या कामी दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली म्हणजे शिरांच्या आतील नाजूक झडपा. त्या वरच्या दिशेनेच उघडतात आणि रक्ताला खाली घसरू देत नाहीत. दुसरी म्हणजे पोटरीचे स्नायू. पाऊल उचलताना हे स्नायू आवळले जातात, आतील शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. म्हणूनच पोटरीला शरीराचे दुसरे हृदय असे म्हटले जाते.

स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. निरोगी माणूस चालू लागताच तो २० ते ३० मिलिमीटरपर्यंत उतरतो. उभे राहणे आणि चालणे यांतील हा फरक ध्यानात घेतला की या दुखण्याचे निम्मे कोडे सुटते. शिरांना त्रास देते ती निश्चलता. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या पायांत उभ्याइतका दाब नसतो, परंतु पोटरीचा पंप जवळजवळ बंद असतो आणि गुडघ्यात व जांघेत पाय दुमडलेला राहतो. बैठ्या कामाविषयीचा वैद्यकीय पुरावा उभ्या कामाइतका ठाम नाही. तथापि दीर्घकाळ न हलता बसल्याने पायांवर सूज येते, हे लांब पल्ल्याचा बसप्रवास केलेल्या कोणालाही ठाऊक असते.

शिरेची भिंत सैल पडली की झडपेची दोन्ही पाती एकमेकींना भिडत नाहीत. मग वर गेलेले रक्त पुन्हा खाली झिरपते, खालच्या झडपेवर भार वाढतो आणि तीही निकामी होते. अशा रीतीने त्वचेखालील शीर लांबते, रुंदावते आणि नागमोडी वळणे घेत वर उमटून दिसू लागते.

पायरीपायरीने वाढणारे दुखणे

जगभरातील डॉक्टर या आजाराची प्रगती शून्य ते सहा अशा श्रेणींत नोंदवितात. ही वर्गवारी १९९४ मध्ये तयार झाली आणि २०२० मध्ये तिची नवी सुधारणा प्रसिद्ध झाली. पहिल्या श्रेणीत त्वचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा दिसतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. दुसऱ्या श्रेणीत शिरा ठळकपणे फुगतात. तिसऱ्या श्रेणीत घोट्याभोवती सूज येते. सुरुवातीला ती रात्रीच्या झोपेनंतर ओसरते. चौथ्या श्रेणीत घोट्याच्या वरची त्वचा काळपट, कोरडी, खाजरी आणि पुढे टणक होते. पाचवी श्रेणी भरून आलेल्या जखमेची आणि सहावी उघड्या जखमेची.

ही जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडी वर होते. एखादा ओरखडा, खाजविल्याची खूण किंवा कोपऱ्याचा लागलेला मार एवढे निमित्त पुरते. ती महिनोन्‌महिने वाहत राहू शकते आणि भरल्यावरही पुन्हा उघडते. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात अशी जखम म्हणजे बुडालेली मजुरी असते.

सर्वांचेच दुखणे इथवर जात नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात सामान्य नागरिकांची १३ वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासणी करण्यात आली. सुरुवातीला केवळ शिरा फुगलेल्या असणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या त्वचेत पुढे बदल झाल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले. वाढते वय आणि जादा वजन यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला. याचाच दुसरा अर्थ असा, की बहुसंख्य रुग्ण या काळात त्या पायरीवर पोहोचले नाहीत. आपण त्या बहुसंख्यांमध्ये राहावे यासाठीच काळजी घ्यायची.

धोका कोणाला अधिक?

आनुवंशिकता हे या आजाराचे सर्वांत बलवान कारण मानले जाते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात, आई-वडील दोघांनाही हा त्रास असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के, तर दोघांनाही नसल्यास २० टक्के आढळली होती. वाढते वय, गरोदरपण, लठ्ठपणा आणि पूर्वी पायाच्या खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी ही अन्य कारणे होत. हा आजार केवळ बायकांचा, ही समजूतही खरी नाही. एडिंबराच्या १९९९ च्या पाहणीत मुख्य शिरा फुगलेल्या पुरुषांचे प्रमाण ४० टक्के, तर स्त्रियांचे ३२ टक्के होते. स्त्रिया उपचारासाठी अधिक येतात, म्हणून तो त्यांचा आजार वाटतो.

कामाच्या स्वरूपाचा परिणामही मोजला गेला आहे. डेन्मार्कमध्ये १२ वर्षे चाललेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कामाचा बहुतांश वेळ पायांवर असणाऱ्यांना या आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे पावणेदोन पट आढळली. आई-वडिलांकडून आलेला वारसा बदलता येत नाही, वय थोपविता येत नाही आणि अनेकांना काम बदलणेही परवडत नाही. उरते ते एवढेच, की त्याच कामात पाय किती हलतात हे पाहणे.

कामाच्या जागी

उभ्याने काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने टाचा उचलण्याचा व्यायाम करावा. दोन्ही पावलांच्या पुढच्या भागावर भार देऊन टाचा वर उचलाव्यात, क्षणभर थांबावे आणि सावकाश खाली टेकवाव्यात. असे १५ ते २० वेळा केल्यास एक मिनिटही लागत नाही. आधारासाठी भिंत किंवा टेबल धरावे, चालत्या यंत्राला मात्र हात लावू नये. अध्येमध्ये एकाच जागी पावले उचलावीत. शक्य असल्यास विटेएवढ्या उंचीचा पाट जवळ ठेवून एकेक पाय आळीपाळीने त्यावर टेकवावा. जेवणाच्या सुटीतील दहा मिनिटे तरी पाय वर करून आडवे व्हावे. मागखात्यात सुताच्या गोणीला किंवा कापडाच्या गठ्ठ्याला पाय टेकवूनही हे साधते.

बिडी वळणाऱ्या महिलांनी दर अर्ध्या तासाने सूप बाजूला ठेवून उठावे, पाणी पिण्याच्या निमित्ताने घरात किंवा अंगणात चार फेऱ्या माराव्यात. एकच मांडी सतत घालून बसण्याऐवजी काही वेळ पाय लांब सोडून बसावे आणि पावले घोट्यातून पुढे-मागे हलवावीत, गोल फिरवावीत. पाठ भिंतीला टेकवून बसल्यास हे सोपे जाते. ठरावीक जुड्या झाल्या की उठायचे, अशी खूणगाठ बांधल्यास घड्याळ पाहावे लागत नाही.

शिलाई यंत्रावर, संगणकासमोर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्यांनी खुर्चीची उंची अशी ठेवावी की पावले जमिनीला पूर्ण टेकतील आणि खुर्चीची कड मांडीच्या मागच्या बाजूस रुतणार नाही. पावले अधांतरी राहत असतील तर खाली पाट घ्यावा. सोलापूरहून पुण्या-मुंबईकडे वारंवार प्रवास करणाऱ्यांनी बसमध्ये घोटे हलवीत राहावे आणि गाडी थांबेल तेथे उतरून थोडे चालावे.

पादत्राणे फार महत्त्वाची आहेत. उंच टाचेच्या चपलेत घोटा पूर्ण हलत नाही आणि पोटरीचा पंप अपुरा चालतो. सपाट किंवा कमी उंचीची, मऊ तळव्याची चप्पल बरी. अनवाणी काम करण्याची सवय असणाऱ्यांनी शिरा फुगल्या असतील तर ती सोडावी, कारण घोट्याला किंवा पावलाला झालेली लहानशी इजाही त्यांना महागात पडू शकते.

घरी आल्यावर

पाय उंच ठेवणे हा सर्वांत साधा आणि बिनखर्चाचा उपाय होय. मात्र स्टुलावर पाय ठेवून बसणे म्हणजे पाय उंच ठेवणे नव्हे. पावले हृदयाच्या पातळीच्या वर असली पाहिजेत. त्यासाठी पाठीवर झोपून पोटऱ्यांखाली दोन-तीन उशा घ्याव्यात किंवा पाय भिंतीला टेकवावेत. दिवसातून तीन-चार वेळा १५ मिनिटे असे करता आले तर उत्तम. कामगारांना निदान कामावरून आल्यावर आणि झोपण्यापूर्वी ते जमू शकते. रात्री पलंगाच्या पायथ्याकडील दोन्ही पायांखाली एकेक वीट ठेवावी. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीच्या पायथ्याखाली घडी घातलेली सोलापुरी चादर सारली तरी चालते. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा झोपल्यावर दम लागणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

चालणे हा दुसरा उपाय. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविते. रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस चालले की हा हिशेब पुरा होतो. 'दिवसभर पायांवरच असतो, आणखी काय चालायचे?' असा प्रश्न अनेक जण विचारतात. परंतु मागासमोर उभे राहणे आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठाने सलग चालणे या शिरांच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. सायकल चालविणे आणि पोहणेही उत्तम. आषाढी वारीत दररोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या वारकऱ्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी पाय वर करून विसावा घ्यावा, म्हणजे चालण्याचा लाभ पदरात पडून सूज राहत नाही.

सोलापूरचा उन्हाळा हा या रुग्णांचा कसोटीचा काळ असतो. पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा त्वचेखालील शिरा रुंदावतात, त्यांत अधिक रक्त साठते आणि पाय जड होतात. अशा वेळी पायांवर थंड पाणी घ्यावे, दुपारी उन्हात उभे राहणे टाळावे, फार गरम पाण्याने पाय शेकू नयेत. चालायचे ते सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर.

वजन आटोक्यात ठेवल्याने पायांच्या शिरांवरील भार कमी होतो. बद्धकोष्ठता आणि कुंथण्याची सवय यांचा शिरांशी संबंध जोडला जातो. त्याचा पुरावा पक्का नसला तरी कोंड्यासह दळलेल्या ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळी आणि पुरेसे पाणी यांचा आहार एकंदर आरोग्याला हितकारकच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या जिल्ह्यात त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. शेंगाचटणी मात्र बेतानेच खावी. मीठ कमी केल्यास सूज येण्याची प्रवृत्तीही थोडी कमी होते.

त्वचेची निगा अनेक जण विसरतात. घोट्याभोवतीची त्वचा कोरडी पडली की खाज सुटते, खाजविले की ओरखडा उमटतो आणि त्याची जखम होते. म्हणून आंघोळीनंतर पायांना खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली हलक्या हाताने लावावी. नखे कापलेली असावीत. पाय सुजत असतील तर घट्ट पैंजण, तोडे, जोडवी आणि रुतणारे मोज्यांचे काठ टाळावेत. रोज रात्री पायांवरून एकदा नजर फिरवावी. मधुमेह असणाऱ्यांसाठी तर ही सवय अनिवार्यच समजावी.

गरोदरपणात शिरा फुगल्या तर घाबरून जाऊ नये. बाळंतपणानंतर काही महिन्यांत त्या बऱ्याच अंशी ओसरतात. तोवर फार वेळ उभे राहू नये, डाव्या कुशीवर झोपावे आणि पाय उंच ठेवावेत. मात्र एकाच पायावर अचानक सूज आली तर तत्काळ डॉक्टरांना दाखवावे, कारण या काळात शिरेत गुठळी होण्याचा धोका अधिक असतो.

मोजे : कोणी, कधी, कसे?

दाब देणारे लवचिक मोजे घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जातात. त्यांनी सूज आणि जडपणा कमी होतो. जखम भरण्यासाठी आणि भरलेली जखम पुन्हा उघडू नये यासाठी दाब देण्याचा उपयोग सिद्ध झाला आहे. परंतु केवळ शिरा फुगलेल्या असताना मोजे घातल्याने दुखणे पुढे सरकत नाही, असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही, शिरांवर प्रत्यक्ष उपचार शक्य असताना केवळ मोज्यांवर भागवू नये, असे म्हटले आहे.

मोजे स्वतःच्या मनाने आणू नयेत. पायाकडे रक्त नेणाऱ्या रोहिणी अरुंद झाल्या असतील तर घट्ट मोज्यांमुळे पावलाचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो. विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, तसेच थोडे चालल्यावर पोटरीत कळ येऊन थांबावे लागणारे यांनी विशेष सावध राहावे. डॉक्टर पावलाची नाडी तपासतात, गरज पडल्यास घोट्याचा रक्तदाब मोजतात आणि पायाच्या मापानुसार मोजा सुचवितात. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो.

सकाळी अंथरुणातून पाय खाली सोडण्यापूर्वी, सूज नसताना, मोजे घालावेत आणि रात्री झोपताना काढावेत. घडी किंवा सुरकुती राहू देऊ नये. साध्या साबणाने हाताने धुऊन सावलीत वाळवावेत. लवचिकपणा कमी झाला की, साधारणतः सहा महिन्यांनी, ते बदलावे लागतात. वैशाखात दिवसभर मोजे सोसवत नाहीत, हे खरेच. अशा वेळी निदान उभे राहण्याच्या पाळीपुरते तरी ते घालावेत. अर्धा दिवस पायांत असलेला मोजा कपाटात पडून राहिलेल्या मोज्यापेक्षा बरा.

काही गैरसमज

फुगलेल्या शिरा जोराने चोळल्याने रक्त मोकळे होते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात जोरकस मालिशीने नाजूक त्वचा आणि शीर यांना इजा होऊ शकते. शीर लाल, गरम आणि दुखरी झाली असेल तर मालीश मुळीच करू नये. जखमेवर हळद, राख, तंबाखू किंवा गोळी फोडून तिची पूड टाकण्याची प्रथा अजून दिसते. त्यामुळे जखम चिघळते. कमावलेल्या शरीराच्या हातावर दिसणाऱ्या ठसठशीत शिरांना मात्र आजार समजू नये.

पाय सुजला की तो शिरांचाच दोष, असेही नाही. दोन्ही पायांवरील सूज हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइड यांच्या विकारांत येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ अॅम्लोडिपिनने, ती येऊ शकते. राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत सोलापूरचा समावेश राहिलेला असल्याने न ओसरणाऱ्या सुजेत त्याचाही विचार करावा लागतो. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच व्हावे.

सवयी कोठवर पुरतात?

पाय दुखणे वाढत गेले, रात्री पोटरीत वारंवार गोळे येऊ लागले, सकाळपर्यंत सूज उतरेनाशी झाली, घोट्याची त्वचा काळवंडली किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर केवळ घरगुती काळजीवर विसंबून राहू नये. शल्यचिकित्सक उभ्या स्थितीत पाय तपासतात आणि डॉप्लर सोनोग्राफी करतात. कोणती झडप निकामी झाली आहे आणि खोल शिरा मोकळ्या आहेत की नाहीत हे या वेदनारहित तपासणीत कळते.

पूर्वी शीर बांधून काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हाच मुख्य मार्ग होता. आता लेसर किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने शीर आतूनच बंद करणे आणि फेसाळ औषधाचे इंजेक्शन देणे हे पर्याय उपलब्ध आहेत. त्यांत बहुधा फक्त पाय बधिर करावा लागतो आणि रुग्ण लवकर चालू लागतो. जखम झाल्यावरही उपचारास उशीर करू नये. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दाबाच्या पट्टीबरोबर शिरेवरील उपचार लगेच केलेल्यांची जखम मध्यमानाने ५६ दिवसांत, तर तो लांबविलेल्यांची ८२ दिवसांत भरली. मजुरीच्या हिशेबात हे २६ दिवस थोडे नव्हेत. उपचारानंतरही नव्या शिरा फुगू शकतात, त्यामुळे सवयी पुढेही पाळाव्याच लागतात.

शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात शल्यचिकित्सा विभाग आहे. विमाधारक कामगारांना राज्य कामगार विमा योजनेच्या रुग्णालयात जाता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आपला उपचार होऊ शकेल काय, याची चौकशी योजनेतील रुग्णालयांत नेमलेल्या आरोग्यमित्राकडे करावी.

येथे विलंब नको

फुगलेली शीर फुटल्यास रक्ताची धार लागू शकते. अशा वेळी रुग्णाला उभे ठेवू किंवा बसवू नये. त्याला ताबडतोब आडवे करावे, पाय शक्य तितका उंच धरावा आणि रक्त येणाऱ्या जागेवर स्वच्छ कापडाने किमान दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. पायाला वर दोरी आवळू नये. रक्त थांबले तरी रुग्णालयात न्यावे. हा प्रकार अनेकदा आंघोळीच्या वेळी घडतो आणि घाबरून उभे राहिल्याने रक्तस्राव वाढतो, म्हणून घरातील सर्वांना ही कृती ठाऊक असावी.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागणे हे खोल शिरेतील गुठळीचे लक्षण असू शकते. त्याबरोबर छातीत दुखणे, धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे असे काही झाल्यास गुठळी फुप्फुसापर्यंत पोहोचल्याची शक्यता असते. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

बसायला जागा हाही उपचारच

या आजाराची सारी जबाबदारी रुग्णाच्या सवयींवर टाकून चालणार नाही. मागासमोर स्टूलच नसेल आणि ग्राहक नसतानाही दुकानात बसण्यास मनाई असेल तर सल्ला कागदावरच राहतो. उभ्याने काम कराव्या लागणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे, अशी सोय करण्याचे बंधन कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ मध्ये होते. त्या कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून, कल्याणकारी सोयींच्या यादीत तिनेही बसण्याच्या व्यवस्थेचा उल्लेख केला आहे. दुकानांतील कर्मचाऱ्यांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याच्या हक्काची स्वतंत्र तरतूद केली. केरळमधील बदलामागे कापडदुकानांत काम करणाऱ्या महिलांचा दीर्घ लढा होता.

सोलापुरातील अनेक माग लहान शेडमध्ये, मोजक्या कामगारांवर चालतात. तेथे कायद्याचा हात पोहोचेलच असे नाही. परंतु एक स्टूल, एक पाट आणि तासाला दोन मिनिटांची उसंत यांसाठी मालकाला फार खर्च येत नाही. अनुभवी कारागीर जखमेमुळे तीन महिने घरी बसला तर होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते.

पायांच्या शिरांचे दुखणे एका दिवसात वाढत नाही आणि एका दिवसाच्या काळजीने थांबतही नाही. दर अर्ध्या तासाने हललेली पोटरी, संध्याकाळी उंच ठेवलेले पाय, घोट्याच्या त्वचेवर रोजची एक नजर आणि लक्षणे वाढताच वेळेवर गाठलेला डॉक्टर, एवढे पथ्य पाळले तर बहुतेकांना हातचे काम न सोडताही या दुखण्याला आवर घालता येईल.